तीन किलोमीटरवरचा नेम: रायफल, वारा आणि त्यामागचं गणित

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि त्याचं शूटिंगचं शिक्षण नाशिकमध्ये झालेलं असल्यामुळे आपल्याकडे त्याचं कौतुक जरा जास्तच झालं, व्हायलाच हवं होतं. तेव्हापासून ओळखीतली पोरं आणि त्यांचे आई-बाप रायफलबद्दल विचारत असतात, आणि बोलता बोलता गाडी हमखास एका रीलवर येते, ज्यात कोणीतरी अमेरिकन माणूस माळरानावर आडवा पडून दोन मैल लांबच्या लोखंडी पाटीवर गोळी मारतो, आवाज होतो, सगळे ओरडतात. "हे खरं असतं का? त्याची रायफल केवढ्याची असेल? आपल्याला शिकायचं असेल तर काय घ्यायचं?"

खरं असतं. पण त्या रीलमध्ये दिसते ती रायफल, आणि जे दिसत नाही तेच या खेळाचं मुख्य अंग आहे. इतक्या लांब मारताना शूटर नेम धरतो असं म्हणणं सुद्धा अर्धवटच आहे, तो खरं तर अंदाज बांधतो, सहा सेकंदांनंतर गोळी कुठे असेल याचा, आणि सगळं महागडं सामान हे त्या अंदाजातल्या चुका थोड्या थोड्या कमी करण्यासाठी असतं. हे एकदा डोक्यात बसलं की काय शिकायचं आणि काय विकत घ्यायचं हे आपोआप ठरायला लागतं.

आधी अंतर डोळ्यासमोर आणू

ऑलिंपिकमधली रायफल १० मीटर आणि ५० मीटरवर चालते. त्याच्या पुढे ३०० मीटरचा बिग बोअर प्रकार आहे, तो आपल्याकडेही होतो, पण त्यात मुख्यतः फौज आणि पोलीस दलातले लोक. परदेशात १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटरच्या स्पर्धा शंभरहून जास्त वर्षं चालू आहेत, त्याला लाँग रेंज म्हणतात. एक्स्ट्रीम लाँग रेंज हा प्रकार साधारण दीड किलोमीटरच्या पुढे सुरू होतो असं धरा, नक्की रेघ कुठे मारायची यावर लोक भांडतात, ते भांडण आपण सोडून देऊ.

दोन मैल म्हणजे ३.२ किलोमीटर. नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवरून सरळ रेषेत मोजलं तर द्वारका सर्कल ओलांडून बरंच पुढे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात रॅटन गावाजवळ ‘किंग ऑफ टू माइल्स’ नावाची स्पर्धाच होते, या अंतरापर्यंत टप्प्याटप्प्यानं लांब लांब जाणारी. आणि २०२२ मध्ये वायोमिंगमध्ये एका टीमनं ४.४ मैल म्हणजे जवळपास ७ किलोमीटरवरच्या पाटीला गोळी लावली, गोळी हवेत २४ सेकंदांहून जास्त होती. मात्र ती लागलेली गोळी ६९ वी होती. हा आकडा मी मुद्दाम सांगतोय कारण रीलमध्ये आधीच्या ६८ दाखवत नाहीत, आणि त्यांना कमी लेखायचं म्हणून सांगत नाही, उलट त्या ६८ मध्ये जे चाललं होतं तेच हे शास्त्र आहे, गोळी पडली कुठे ते बघायचं, आकडा सुधारायचा, पुन्हा मारायची.

गोळी सरळ जात नाही

पिक्चर बघून आपली अशी समजूत असते की गोळी म्हणजे सरळ रेघ. तसं अजिबात नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सुटलेला दगड ज्या वेगानं पडतो साधारण त्याच वेगानं, फक्त पडता पडता ती पुढे खूप जाते. म्हणून लांब मारायचं तर नळी वर उचलावी लागते. आपल्या अनंत कान्हेरे मैदानावर बाउंड्रीवरचा फिल्डर कीपरकडे थ्रो करताना कीपरच्या ग्लोव्हजकडे बघतो पण बॉल मात्र वरच्या बाजूला फेकतो, जितका लांब उभा तितका वर, आणि हे त्याला हजारो थ्रो करून कळलेलं असतं, रायफलच्या बाबतीत ते ‘किती वर’ आकड्यात काढावं लागतं एवढाच फरक.

आता आकडे बघा. .३०८ विंचेस्टर हे जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या रायफल काडतुसांपैकी एक, १९५२ पासून बाजारात आहे. त्याची नेहमीची टार्गेटची गोळी सेकंदाला साधारण ७९० मीटर वेगानं सुटते, १००० यार्डला पोचायला तिला पावणेदोन सेकंदांच्या आतबाहेर लागतात, आणि १०० यार्डला नेम लावून ठेवलेला असेल तर तिथे ती जवळपास १० मीटर खाली पडते. तीन मजले. दोन मैलांसाठी .३०८ कामाची नाही, तिथे .३७५ शायटॅक किंवा .४१६ बॅरेट असली मोठी काडतुसं लागतात, आणि त्यांची गोळीसुद्धा सहा-साडेसहा सेकंद हवेत असते आणि दीडशे मीटरच्या आसपास खाली पडते.

हे ‘वर उचलणं’ मोजायचं माप म्हणजे मिल. हा कोन आहे, १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटीमीटर, १००० मीटरवर १ मीटर. स्कोपवरची, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीवरची, बटणं याच मापात टक टक करत फिरतात, बहुतेक एका टकेला ०.१ मिल. यापुढे एवढा एकच शब्द लक्षात ठेवला तरी चालेल.

आणि गंमत इथे आहे की खाली पडणं हा भाग अवघड नाहीच. गुरुत्वाकर्षण सकाळी, दुपारी, नाशिकला, न्यू मेक्सिकोला जवळपास तेवढंच. जे दर वेळी सारखं असतं ते गणितात बसतं. त्रास देते ती हवा.

हवा म्हणजे काही मोकळी जागा नाही

सेकंदाला ८००-९०० मीटर वेगानं जाणाऱ्या गोळीला हवा भिंतीसारखी अडवते. .३०८ ची गोळी १००० यार्डला पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त वेग गमावून बसते आणि आवाजाच्या वेगाच्या जवळ येते. हा टप्पा फार नाजूक असतो कारण गोळी आवाजाच्या वेगाखाली जाताना तिच्याभोवतीचे हवेचे धक्के बदलतात, काही गोळ्या त्यात डगमगतात, आणि त्यानंतरचं गणित तेवढं भरवशाचं राहत नाही. म्हणून लांब मारणारे लोक गोळी शक्य तितकी लांबुळकी, टोकदार आणि मागून निमुळती घेतात. हवा कापायच्या तिच्या ताकदीला बॅलिस्टिक कोइफिशंट म्हणतात, आकडा जितका मोठा तितकी गोळी वेग जास्त टिकवते.

हवा किती दाट आहे हे मात्र जागेवर आणि दिवसावर अवलंबून. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या जरा खाली आहे, म्हणजे इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के पातळ. जानेवारीत पहाटे ८ डिग्री आणि मे महिन्यात दुपारी ४० डिग्री, एवढ्या फरकानं हवा आणखी दहा टक्क्यांनी पातळ होते. म्हणजे एकाच रायफलची एकच गोळी, थंडीत झिरो केलेली म्हणजे नेम जुळवून ठेवलेली, उन्हाळ्यात लांबच्या टार्गेटवर वर लागणार. शिवाय गरमीत काडतुसातली दारूही जास्त जोरात जळते, तो फरक वेगळा.

इथे एक चूक फार होते. मोबाईलमधलं हवामान अॅप नाशिकचा दाब १०१० वगैरे दाखवतं. तो आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे वेगवेगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून. खरा दाब इथे ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तो अॅपमधला आकडा तुम्ही गणितात टाकलात तर गणित समजतं की तुम्ही जुहू चौपाटीवर आहात, आणि उत्तर तसंच येतं. म्हणून जागेवर मोजलेला दाबच घ्यायचा.

दमट हवेबद्दलही उलटंच डोक्यात असतं लोकांच्या. पावसाळ्यात हवा जड होते असं आपण म्हणतो, पण पाण्याची वाफ ही नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा किंचित पातळ असते. फरक इतका छोटा की त्याची काळजी शेवटी करायची.

नाशिककरांना हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, दर वर्षी तिथे ‘तोपची’ हा सराव होतो, के-नाइन वज्र, धनुष, एम-ट्रिपल-सेव्हन या तोफा चालताना लोकांना बघायला मिळतात. वीस-तीस किलोमीटरवर गोळा टाकायचा तर तोफखान्यालाही हाच हिशोब करावा लागतो, हवेचं तापमान, वरच्या थरातला वारा, दारूचं तापमान, नळी किती झिजली आहे. वरच्या हवेसाठी ते फुगे सोडतात. रायफलवाल्याकडे फुगा नसतो, त्याचं सगळं डोळ्यांवर.

वारा: इथेच माणूस लागतो

हा भाग मी जरा जास्त सविस्तर सांगणार आहे कारण सगळी कला इथे आहे.

ताशी १६ किलोमीटरचा वारा म्हणजे झाडाची पानं आणि बारीक काड्या सतत हलत राहतील आणि हलका झेंडा ताणलेला दिसेल एवढाच, दुचाकीवर जाणवणारही नाही. तो आडवा असेल तर .३०८ ची गोळी १००० यार्डला दोन मीटरहून जास्त बाजूला नेतो. दोन मैलांवर मोठ्या .३७५ लाही बारा-तेरा मीटर. म्हणजे तुमचा वाऱ्याचा अंदाज ताशी फक्त दीड किलोमीटरनं चुकला, जी चूक कोणाचीही रोज होईल, तरी दोन मैलांवर गोळी सव्वा मीटर बाजूला गेली आणि पाटी हुकली. बाकी सगळं अचूक असून हुकली.

"एवढी जोरात जाणारी, वजनदार गोळी वाऱ्यानं कशी हलेल?" असं लगेच विचारतात. हलते, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वारा गोळीला किती ढकलतो हे ती किती वेळ हवेत आहे यावर सरळ ठरत नाही, हवेनं तिला किती उशीर केला यावर ठरतं. हवा नसती तर ती जेवढ्या वेळात पोचली असती आणि खरोखर जेवढ्या वेळात पोचली, त्या दोन वेळांमधला फरक घ्या, त्याला वाऱ्याच्या वेगानं गुणा, तेवढी ती सरकली. म्हणून नुसती फास्ट गोळी असून भागत नाही, वेग टिकवणारी पाहिजे, आणि म्हणूनच थोड्या कमी वेगानं सुटणारी पण जास्त लांबुळकी गोळी वाऱ्यात जास्त चांगली चालते.

आता वारा वाचायचा कसा. शूटर जिथे आहे तिथला वारा मीटरनं मोजता येतो, हातात धरायचा छोटा पंखा असतो, केस्ट्रेलचे मीटर यात प्रसिद्ध आहेत. पण तो फक्त तुमच्या हाताजवळचा वारा. पुढे तीन किलोमीटरमध्ये एखादी घळ असेल, तिथला वारा वेगळा, टेकडीच्या सोंडेवरून घसरणारा वेगळा, आणि गोळी तर वरून कमान करून जाते, तिथला वारा जमिनीपेक्षा जोरात. अंजनेरीच्या पायथ्याला उभं राहून वर कड्याकडे बघितलं तर हे दिसतंच, खाली गवत शांत आणि वर ढग पळत असतात.

मग खुणा बघायच्या. गवत, झाडं, धूळ, धूर. आणि सगळ्यात कामाची खूण म्हणजे मिराज, तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरताना दिसते ती. दुपारी हायवेवर दिसते तीच, स्कोपमधून ती पाण्यासारखी वाहताना दिसते. सरळ वर उकळल्यासारखी दिसली तर आडवा वारा नाही किंवा अगदी समोरून-मागून आहे, तिरकी झाली तर हलका, अगदी आडवी सपाट पळायला लागली की चांगलाच, आणि त्याहून जोरात गेला की ती मोडूनच जाते, मग तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्कोपचा फोकस टार्गेटवरून जरा अलीकडे आणला की मधल्या पट्ट्यातली मिराज स्पष्ट होते.

दिशाही महत्त्वाची. पूर्ण आडवा वारा पूर्ण धरायचा, ४५ अंशात तिरका असेल तर त्याचा सुमारे ७० टक्के. लोक इथे अर्धा धरतात आणि चुकतात.

साधारणपणे शूटरजवळचा वारा टार्गेटजवळच्या वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण त्यानं सुरुवातीलाच गोळीची दिशा थोडी वळवली की ती वळलेली दिशा पुढे संपूर्ण अंतरभर वाढत जाते. पण लांबच्या टोकाला गोळीचा वेग कमी झालेला असतो म्हणून तिथला वाराही सोडता येत नाही. मधला वारा, वरचा वारा, असे तुकडे करून एकच आकडा काढायचा आणि तोही चार-पाच सेकंदांत, कारण वारा थांबत नाही. मला विचाराल तर या खेळात चांगला आणि उत्तम यांच्यात फरक करणारी ही एकच गोष्ट आहे.

पृथ्वी फिरते त्याचा फरक पडतो?

पडतो, आणि हे थट्टेवारी नेऊ नका. गोळी हवेत असताना टार्गेट पृथ्वीबरोबर सरकतं. आपण साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्या हिशोबानं १००० यार्डला गोळी उजवीकडे चारेक सेंटीमीटर जाते, विसरून गेलात तरी चालेल. दोन मैलांवर हेच अर्धा मीटर होतं. शिवाय पूर्वेकडे मारली तर गोळी वर लागते, पश्चिमेकडे मारली तर खाली, दोन मैलांवर सव्वा-दीड मीटरपर्यंत. आपण विषुववृत्ताच्या तुलनेनं जवळ असल्यामुळे हा वर-खालीचा फरक आपल्याकडे बाजूच्या फरकापेक्षा मोठा येतो. याशिवाय गोळी स्वतःभोवती फिरत असते, उजव्या पिळाच्या नळीतून निघालेली गोळी लांब अंतरावर थोडी उजवीकडे ओढली जाते. हे दोन्ही फरक दर वेळी ठरलेले, त्यामुळे गणितात बसतात.

"मग अॅपच सगळं सांगतं ना?"

हो आणि नाही. बॅलिस्टिक अॅप आता मोबाईलवर मिळतात, केस्ट्रेलच्या काही मीटरमध्येच ते बसवलेलं असतं, आणि गणित ती बिनचूक करतात. पण तुम्ही त्यात काय टाकता? सुटतानाचा वेग सेकंदाला ३ मीटरनं चुकीचा टाकला, किंवा काडतूस-काडतुसात तेवढा फरक असला, तर दोन मैलांवर जवळपास एक मीटर वर-खाली. अंतर १० मीटरनं चुकलं तर तेवढंच, कारण शेवटी गोळी बरीच तिरकी खाली येत असते. लेझर रेंजफाइंडरचा किरण पाटीऐवजी अलीकडच्या झुडपावरून परत आला की अशी चूक होतेच. आणि वाऱ्याचा आकडा तर अॅपला तुम्हीच द्यायचा असतो, तो त्याला कुठूनही कळत नाही.

म्हणून अनुभवी माणूस अॅपचं उत्तर घेतो, प्रत्यक्ष मारून बघतो, कुठे लागली ते वहीत लिहितो आणि अॅपला त्याप्रमाणे दुरुस्त करतो. ही वही रायफलइतकीच किमती असते.

मग रायफल कुठली, स्कोप कुठला

आता हा प्रश्न विचारायला हरकत नाही. ज्या देशात हा खेळ चालतो तिथलं सांगतो.

पहिली रायफल मोठी घ्यायची नाही. दोन मैलांची काडतुसं महाग असतात, झटका जोरदार, नळी पटकन झिजते, आणि झटक्याच्या भीतीनं माणूस गोळी सुटायच्या आधीच अंग आखडतो, ती सवय एकदा लागली की निघता निघत नाही. सुरुवात .२२ नं करतात. हसण्यासारखं वाटेल पण .२२ ची हळू जाणारी छोटी गोळी २०० यार्डला दीडेक मीटर पडते आणि वाऱ्यानं चांगलीच सरकते, म्हणजे स्कोप फिरवणं, वारा वाचणं, वही ठेवणं हे सगळं स्वस्तात आणि छोट्या जागेत शिकता येतं. पुढची पायरी ६.५ क्रीडमूर किंवा .३०८, १००० यार्डपर्यंत. त्यावर वारा कळायला लागला की मग .३३८ लापुआ आणि पुढची मोठी.

रायफल स्वतः किती अचूक पाहिजे यावरही भ्रम असतात. १०० मीटरवर सगळ्या गोळ्या ३ सेंटीमीटरच्या वर्तुळात टाकणारी रायफल चांगली मानतात, पण तेच वर्तुळ ३.२ किलोमीटरवर ९० सेंटीमीटरहून मोठं होतं. म्हणून या अंतराला निम्म्या वर्तुळाची रायफल लागते. पण वाऱ्याची चूक मीटरमध्ये असताना रायफल आणखी दोन मिलिमीटर सुधारायला ढीगभर पैसे घालणं मला पटत नाही, तेच पैसे काडतुसांवर आणि सरावावर घालावेत.

स्कोपमध्ये लोक झूम बघतात. झूम फार झाली की मिराजमध्ये सगळं पाण्यासारखं हलतं आणि गोळी कुठे पडली ते दिसतच नाही. बघायचं ते हे की बटण ५० मिल फिरवल्यावर नेम खरोखर ५० मिलच हलतो का, आणि परत आणल्यावर जागेवर येतो का. बहुतेक स्कोपमध्ये आतून तेवढी जागाच नसते म्हणून स्कोपखालची पट्टी उतरती बसवतात, स्कोप आधीच थोडा पुढे झुकलेला.

आणि लेव्हल. गवंडी वापरतो तसली पाण्याची छोटी बुडबुड्याची लेव्हल स्कोपवर लावतात, किंमत अगदी किरकोळ. ती का लागते तर रायफल एक अंश जरी कलती धरली तरी वर उचलल्यापैकी थोडा भाग बाजूला जातो, आणि दीडशे मीटरचं वर उचलणं असलं की तो ‘थोडा भाग’ अडीच मीटरहून जास्त होतो. एवढ्या स्वस्त वस्तूनं एवढी मोठी चूक वाचते हे दुसरं उदाहरण या खेळात नाही.

काडतुसांचा वेग एकसारखा आहे का हे बघायला क्रोनोग्राफ लागतो, आता छोटे रडारवाले मिळतात, रायफलच्या शेजारी ठेवायचे. आणि शेवटी एक जोडीदार पाहिजे. ‘किंग ऑफ टू माइल्स’मध्ये सुद्धा शूटरबरोबर वारा सांगणारी माणसं असतात, शूटर झटक्यात असताना गोळी कुठे पडली ते तेच बघतात.

हात कसा तयार होतो

हे सगळं सामान हातात दिलं तरी चाप ओढणारं बोट नीट नसेल तर उपयोग नाही, आणि ते बोट १० मीटरच्या एअर रायफलवर जितकं चांगलं तयार होतं तितकं क्वचित कुठे होत असेल. ऑलिंपिक एअर रायफलच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. पेलेट हळू जातं, नळीतून बाहेर पडायलाही त्याला वेळ लागतो, त्यामुळे चाप दाबल्यावर हात हलला की शिक्षा लगेच कागदावर दिसते. फॉलो थ्रू, म्हणजे गोळी गेल्यावरही क्षणभर तसंच राहणं, हे इथेच अंगात मुरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगाची ठेवण. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम सरकलेला दिसला तर त्याचा अर्थ तुम्ही तो स्नायूंच्या जोरावर ओढून धरला होता. हातानं परत ओढायचा नाही, कंबर आणि पाय हलवून सगळं अंगच फिरवायचं, रायफल आपोआप टार्गेटवर येऊन बसेपर्यंत. आडवं पडून मारताना पुढे बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू, मागे वाळूची छोटी पिशवी, पण तत्त्व हेच. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, तो आडवं पडून मारायचाच प्रकार, तिथे हीच ठेवण साठ वेळा तशीच्या तशी आणावी लागते.

रिकाम्या रायफलनं सराव, ज्याला ड्राय म्हणतात, तो रोज करावा, पण रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसं त्या खोलीत नसताना, आणि आपल्या रायफलला ड्राय चालतं का ते कोचला विचारून. कंटाळवाणं आहे, मान्य, पण मोठमोठे शूटर याच्यावरच तयार झालेत.

"आपल्याकडे हे करता येतं का? आणि हे धोक्याचं नाही का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. भारतात शस्त्रांसाठी १९५९ चा आर्म्स अॅक्ट आणि २०१६ चे नियम आहेत. ४.५ मिलिमीटरपर्यंतची, २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, बाकीला परवाना, नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत आणि त्या नॅशनल रायफल असोसिएशन आणि राज्य संघटनेच्या मार्फत जातात. दोन मैलांची काडतुसं सामान्य नागरिकाच्या आवाक्यात नाहीत, हे स्पष्ट सांगितलेलं बरं, उगाच कोणी ऑनलाइन शोधत बसू नये.

आणि धोका खरा आहे. साध्या .२२ ची गोळीसुद्धा एक किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. आपला जिल्हा मोकळा वाटतो पण द्राक्षबागेत माणसं असतात, माळावर गुराखी असतात, डोंगरावर ट्रेकर असतात. ज्या टार्गेटच्या मागे गोळी अडवणारा मातीचा भक्कम डोंगर नाही आणि मधला सगळा पट्टा बंद केलेला नाही तिथे चाप ओढायचाच नसतो, जगात कुठेही. शेतात, फार्महाऊसवर ‘बघू लागते का’ करणं हा गुन्हा आहे आणि कोणाचा तरी जीव घेणारा गुन्हा आहे. लग्नात हवेत मारणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे, ती योग्यच आहे.

मग इथल्या एखाद्या मुलीनं किंवा मुलानं काय करायचं? रेंजवर जाऊन १० मीटर एअर रायफल, कोचच्या हाताखाली, निदान एक-दोन वर्षं. जमलं तर ५० मीटर, तिथे उघड्या रेंजवर वारा भेटायला लागतो. कोणाची फौजेत किंवा पोलिसात जायची इच्छा असेल तर ३०० मीटर आणि पुढचं तिथे रीतसर मिळतं. आणि वारा वाचायला तर रायफल लागतच नाही. गंगापूर धरणाच्या काठावर किंवा घराच्या गच्चीवर छोटा वारामापक घेऊन उभं राहायचं, आधी गालावर जाणवणाऱ्या वाऱ्यावरून आणि समोरच्या झाडावरून आकडा मनात ठरवायचा, वहीत लिहायचा, आणि मगच मीटर बघायचा. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा सलग असतो, त्याचा अंदाज लवकर येतो. उन्हाळ्यातल्या दुपारचा वारा झटक्याझटक्यानं येतो, दिशा बदलतो, त्याला जास्त दिवस द्यावे लागतात, तेव्हा सुरुवात जूनमध्ये केलेली सोपी जाईल.